लाल किती, निळा किती, आणि पांढऱ्याचं काय?

गेल्या अंकात मी सहज लिहून गेलो की माझ्या दोन फुटी माशांच्या टाकीवरचा लाईट मी घरीच बनवलाय, अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणि सुटे एलईडी जोडून, आणि त्यावर इतके प्रश्न आले की मलाच वाटलं गोव्यात अर्ध्या घरांत सोल्डरिंग गन गरम करून माणसं बसलीत. बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून एकच, एलईडी कुठल्या कलरचे घेऊ? त्यातले थोडे निवडून घेतलेत. वायरिंगचे प्रश्न वेगळे काढले नाहीत कारण रंग आणि वायरिंग एकमेकांत अडकलेलेच असतात, खाली कुडचड्याच्या भावाची गोष्ट वाचलीत की कळेल.

प्रश्न : दादा, माझी टाकी २४ बाय १२ बाय १५ इंचाची आहे. आत जावा फर्न, अनुबियास आणि थोडी व्हॅलिसनेरिया ही पाण्यातली झाडं. दुकानदाराने १ वॅटचे १० पांढरे, १० लाल आणि १० निळे एलईडी दिले, म्हणाला झाडं फक्त लाल आणि निळाच प्रकाश खातात, पांढरा आपल्या बघण्यासाठी. मग पांढरे कमी करून लाल निळे जास्त लावू का? (म्हापशाहून एक इंजिनीयरिंगचा विद्यार्थी)

बाबा, हेच ऐकून मी पण फसलो होतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. पहिला लाईट बनवला तेव्हा मी निम्मे लाल निम्मे निळे लावले, पांढरा एक पण नाही. संध्याकाळी चालू केला आणि अख्खा हॉल जांभळा. आई देवाला दिवा लावून बाहेर आली आणि म्हणाली हे काय रे, बारमध्ये बसल्यासारखं वाटतंय. ते एक वेळ चाललं असतं, पण टाकीत डोकावलो तर झाडं काळी. हिरवीगार जावा फर्न कोळशासारखी दिसत होती, मासे कुठले ते ओळखू येईनात. आणि त्यात चूक काहीच नव्हती, पानं लाल निळा बहुतेक सगळा गिळतात, परत पाठवायला हिरवा त्या लाईटमध्ये होताच कुठे, मग डोळ्याला दिसणार काय.

दुकानदार सांगतो ते अर्धं खरं आहे. पानातलं क्लोरोफिल सगळ्यात जास्त शोषतं ते ४३० ते ४५० नॅनोमीटरच्या (प्रकाशाच्या लहरीची लांबी, तिच्यावरून रंग ठरतो) आसपासचा निळा आणि ६४० ते ६६० च्या आसपासचा लाल. हा आलेख सगळीकडे फिरतो, पण तो पानातून बाहेर काढून बाटलीत भरलेल्या क्लोरोफिलचा आलेख आहे, अख्ख्या जिवंत पानाचा नाही. पानात बाकीची रंगद्रव्यं असतात, आणि हिरवा प्रकाश पानाच्या आत इकडून तिकडे आपटत शेवटी बराचसा वापरला जातो. १९७२ मध्ये मॅक्री नावाच्या संशोधकाने २२ प्रकारच्या पिकांच्या पानांवर वेगवेगळ्या रंगाचा प्रकाश टाकून मोजलं होतं, त्यात हिरवा लालपेक्षा कमी पडला पण फुकट गेला नाही. म्हणजे झाडं फक्त लाल निळाच खातात हे म्हणणं म्हणजे गोंयकार फक्त मासळीच खातो म्हणण्यासारखं, आवडतं ते खरं पण बाकीचं ताटात सोडतो असं नाही.

आता दुसरी गोष्ट, पांढरा एलईडी हा मुळात निळाच असतो. आत ४५० नॅनोमीटरची निळी चिप आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप, थोडा निळा तसाच बाहेर येतो, बाकीच्याचा फॉस्फर पिवळा, हिरवा आणि थोडा लाल करून देतो. (ती निळी चिप बनवायला इतकी वर्षं लागली की ती करणाऱ्या, जपानमध्ये जन्मलेल्या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.) त्यामुळे ६५०० केल्विनचा पांढरा (केल्विनचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळसर) लावला की निळा त्याच्यात भरपूर आलाच, वेगळा निळा लावून झाडांना विशेष काही मिळत नाही, टाकी मात्र थंडगार दिसायला लागते. कमी पडतो तो लाल, खास करून ६६० वाला. म्हणून भर घालायचीच तर लालची, आणि ती पण मिठासारखी.

तुझ्या टाकीत काठोकाठ धरून साधारण ७० लिटर पाणी. फर्न, अनुबियास, व्हॅलिसनेरिया ही कमी प्रकाशातली झाडं, कार्बन डायऑक्साईडचा सिलेंडर तू लावणार नाहीस असं धरतो, तर लिटरला २० लुमेन (प्रकाशाचं माप) खूप झाले, म्हणजे १४०० लुमेन. बरा १ वॅटचा पांढरा एलईडी १०० लुमेनच्या आसपास देतो. तेव्हा तुझ्याकडचे १० पांढरे, त्यात ३००० केल्विनचे वॉर्म व्हाईट ४ विकत घे, आणि लाल फक्त २. एकूण १६. वॉर्म व्हाईटच्या फॉस्फरमधून लाल जास्त येतो म्हणून ते चार, आणि त्याने माशांचे रंग जिवंत दिसतात. निळे सगळे बाजूला ठेव. उरलेले ८ लाल दिवाळीला वाड्यावरच्या नरकासुराच्या डोळ्यांत घाल, तिथे ते शोभतील.

लाल घेताना विचार की ६२० चा की ६६० चा. दुकानात नुसता रेड म्हणून मिळतो तो बहुतेक ६२० ते ६३० चा, केशरी झाक असलेला आणि डोळ्यात घुसणारा. ६६० चा गडद, मंद, पेटलाय की नाही असं वाटणारा. इथेच लोक फसतात, म्हणतात हा बघा किती कमजोर. कमजोर तो नाही, आपला डोळा आहे. आपल्या डोळ्याला ५५५ नॅनोमीटरचा हिरवट पिवळा सगळ्यात जास्त दिसतो आणि ६६० पर्यंत जाता जाता तो जवळजवळ आंधळाच होतो. लुमेन आणि लक्स ही दोन्ही मापं डोळ्यासाठी बनवलेली, झाडासाठी नव्हेत, म्हणून मोबाईलच्या लक्स अ‍ॅपवर दोन ६६० चे लाल वाढवलेस तर आकडा जेमतेम हलेल. पांढऱ्याला पांढऱ्याशी ताडून बघायला ते अ‍ॅप ठीक आहे, रंगीत एलईडी त्याने मोजू नकोस. तुझ्याकडचे लाल ६२० चे निघाले तरी फेकू नकोस, ते पण चालतात, थोडे कमी इतकंच.

आणि हो, ते दोन लाल पट्टीच्या एका टोकाला लावू नकोस. सुटे सुटे पॉवर एलईडी असले की प्रत्येकाची सावली वेगळी पडते, मग वाळूवर एका बाजूला गुलाबी डाग आणि दुसऱ्या बाजूला हिरवट. पट्टीचे तीन भाग कर, दोन जोडांवर एकेक लाल, दोन्ही बाजूंना पांढरे. वरून भिंग लावू नकोस, १५ इंच खोलीला त्याची गरज नाही, उघड्या एलईडीचा पसरट प्रकाशच चांगला मिसळतो. पट्टी पाण्यापासून दोन तीन इंच वर राहिली तर अजून बरं.

प्रश्न : चवथीला मखराला लावलेली आरजीबी (लाल, हिरवा, निळा तिन्ही देणारी) स्ट्रिप पाच मीटर पडून आहे, रिमोटवाली. तीच टाकीवर लावली तर? रिमोटवर पांढरा पण होतो. (डिचोलीहून)

मखरातून उतरवून थेट टाकीवर, कल्पना मला आवडली. पण आधी एक गंमत करून बघा. घरात जुनी सीडी असेलच, ती घ्या, खोलीत अंधार करा, स्ट्रिप पांढऱ्यावर ठेवा आणि सीडीच्या चकचकीत बाजूवर त्याचं प्रतिबिंब तिरकं पकडा. सीडी प्रकाश फोडून दाखवते. आरजीबीचा पांढरा बघाल तर तीन सुटे पट्टे दिसतील, निळा, हिरवा, लाल, आणि मध्ये काळोख. आता तेच साध्या पांढऱ्या एलईडी बल्बखाली करा, एक घट्ट निळा पट्टा, मग जराशी फट, आणि तिथून हिरव्यापासून लालपर्यंत सलग रंग. फरक तुमच्या डोळ्यासमोर.

त्या फटींमुळे होतं काय, की पिवळा नारिंगी रंग आरजीबीखाली नीट दिसत नाही. गोल्डफिशचा केशरी एकतर लालभडक दिसतो नाहीतर मळका. झाडं असतील तर अजून एक अडचण, ताकद. मीटरला ६० एलईडीची ती ५०५० ची (५ मिलिमीटर चौकोनी एलईडीची) स्ट्रिप तिन्ही रंग फुल लावले तेव्हा कुठे मीटरला १४ वॅटच्या आसपास खाते, एकेका रंगाच्या वाट्याला पाचेक वॅट, आणि प्रकाश त्या मानाने कमीच. नुसते मासे आणि प्लास्टिकची झाडं असतील तर खुशाल लावा. खरी झाडं असतील तर १२ व्होल्टची साधी पांढरी स्ट्रिप मुख्य ठेवा, आरजीबीचा एक तुकडा शेजारी, तो फक्त लालवर आणि तो पण मंद. तेवढा तिचा उपयोग.

स्ट्रिप नुसती लाकडी झाकणाला चिकटवू नका, गोंद उन्हाळ्यात सुटतो आणि ती पाण्यात पडते. अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्याकडे कापलेले तुकडे पडलेले असतात, त्यातला एक मागून आणा, गरमी पण खेचून घेतो.

प्रश्न : मी सात पांढऱ्यांची एक लाईन आणि सात लालची एक लाईन केली आणि दोन्ही एकाच ड्रायव्हरला (एलईडीला ठराविक करंट देणारा डबा) जोडल्या. लाल खूप तापले, दोन मिनिटांत एक जळला आणि पांढरे पेटलेच नाहीत नीट. एलईडी डुप्लिकेट होते का? (कुडचड्याहून)

एलईडी बरोबर होते भाऊ, जोडणी चुकली. लाल एलईडीला पेटायला २ ते २.२ व्होल्ट पुरतात, पांढऱ्या आणि निळ्याला ३ ते ३.४ लागतात. सात लालची लाईन १५ व्होल्टवर पेटते, सात पांढऱ्यांची २२ वर. दोन्ही शेजारी शेजारी एकाच ड्रायव्हरवर टाकल्यात म्हणजे पाण्याला दोन वाटा दिल्यात, एक उताराची आणि एक चढाची. सगळा करंट लालवाल्या लाईनमध्ये घुसला, पांढऱ्यांना काही उरलंच नाही.

उपाय एकदम सोपा, सगळे एकाच लाईनमध्ये, एकाच्या शेपटीला दुसऱ्याचं तोंड. ओळीत करंट सगळ्यांना सारखाच मिळतो, रंग कुठलाही असो, व्होल्टची फक्त बेरीज होते. बाजारात १२ ते १८ एलईडीचा ३०० मिलिअँपचा ड्रायव्हर मिळतो, त्यावर वर म्हापशाच्या पोराला सांगितलेले १४ पांढरे आणि २ लाल आरामात बसतात, बेरीज होते ५० व्होल्टच्या आत बाहेर. तुमच्या चौदांना पण तोच चालेल, पण सात लाल फार झाले, दोनच ठेवा आणि बाकीच्या पाचांच्या जागी पांढरे लावा. रंग वेगवेगळे कमी जास्त करायचे असतील तर मात्र प्रत्येक रंगाला वेगळा ड्रायव्हर, दुसरा मार्ग नाही.

आणि ते ५० व्होल्ट हलके समजू नका. १२ व्होल्टच्या स्ट्रिपला चुकून हात लागला तर काही होत नाही, इथे ओला हात लागला तर झटका बसेल, आणि स्वस्त ड्रायव्हर आतून फुटला तर मेनचा २३० पण बाहेर येऊ शकतो. ड्रायव्हर टाकीच्या वर ठेवायचाच नाही, बाजूला उंचावर. पाण्यात हात घालायच्या आधी प्लग काढायचा, बटण बंद करून भागत नाही. वायर प्लगकडे जाताना आधी खाली झोळ देऊन मग वर न्यायची, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी थेंब होऊन पडतं, प्लगात शिरत नाही. घरात आरसीसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) नसेल तर एलईडीच्या आधी तो बसवा.

प्रश्न : घर समुद्राला लागून आहे. लाईट बनवून आठ महिने झाले, आता एकेक एलईडी बंद पडतोय, उघडून बघितलं तर जोडांवर हिरवा थर. (काणकोणहून)

रंगाचा प्रश्न नाही हा पण घेतला, कारण माझं पण असंच झालेलं आणि दोष मी खाऱ्या वाऱ्याला देत बसलो होतो. खरा चोर दुसराच निघाला. मी पट्टी बसवायला टाकीच्या काचेचं सिलिकॉन वापरलं होतं, ते ज्याला सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो ते. तो वास अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचाच असतो, बंद झाकणात ते तांब्यावर बसलं, वर आपला पावसाळा, आणि जूनमध्ये बनवलेल्या लाईटचे जोड चतुर्थीपर्यंत हिरवे. काचेला तेच सिलिकॉन उत्तम, तांब्याजवळ नको. न्यूट्रल क्युअर म्हणून वेगळं मिळतं ते घ्या.

तुमच्याकडे खारं वारं पण आहेच. जोड ब्रशने साफ करा, पुन्हा डाग द्या, आणि वर बिनरंगी नेलपॉलिशचा हात, फक्त जोडावर, एलईडीच्या डोळ्यावर नाही. एक रात्र उघडं ठेवून वास पूर्ण गेला की मगच झाकण लावा.

प्रश्न : नवीन लाईट लावल्यापासून काचेवर हिरवं शेवाळ, आठवड्यातून दोनदा घासतो. दुकानात सांगितलं लाल काढून टाका, लालमुळेच शेवाळ येतं. दुसरा म्हणाला निळा काढा. कुणाचं ऐकू? (साखळीहून)

दोघांचंही नको. शेवाळात क्लोरोफिल तेच असतं जे तुमच्या झाडात, मग झाडाला आवडणारा रंग त्याला कसा आवडणार नाही. शेवाळ उपाशी राहील आणि झाड जेवेल असा रंग अजून कुणी बनवलेला नाही. प्रश्न रंगाचा नसून रतीबाचा आहे, तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय की लाईट सकाळी सातला लावून रात्री दहाला बंद करतो, १५ तास झाले की हो! सहा तासांवर आणा. दोन तीन आठवडे बघा, झाडं पिवळी पडत नसतील आणि शेवाळ कमी झालं तर अर्धा अर्धा तास वाढवत आठपर्यंत जा, त्याच्या पुढे नाही.

टाकी बाल्कांवावर (व्हरांड्यात) आहे असं पण लिहिलंय, मग सकाळचं ऊन थेट येतं का ते बघा, त्या एका तासाच्या उन्हापुढे तुमचे सगळे एलईडी मिळून काहीच नाहीत. आणि पाणी बांयचं (विहिरीचं) असेल, बांय कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) खालच्या अंगाला असेल तर खताचा नायट्रेट पाण्यात उतरलेला असू शकतो, टेस्ट किट आणून एकदा बघा. टाकी नवीन असेल आणि शेवाळ हिरवं नसून तपकिरी, बोटाने पुसलं जाणारं असेल तर काहीच करू नका, ते डायटम नावाचं सूक्ष्म शैवाल असतं, महिना दोन महिन्यांत आपोआप जातं.

लाल किंवा निळा काढून शेवाळ कमी झालं असं सांगणारे खोटं बोलत नाहीत, पण एलईडी काढला म्हणजे एकूण प्रकाश कमी झाला, फरक त्याने पडला, श्रेय रंगाला गेलं.

प्रश्न : पॅरट फिश आणला तेव्हा लालभडक होता, आता फिका पडलाय. लाल एलईडी वाढवले तर रंग परत येईल का? (पेडण्याहून)

दिसायला येईल, लाईट बंद केलात की जाईल. माशाच्या अंगातला लाल पिवळा हा कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांचा असतो आणि मासा ते स्वतः बनवू शकत नाही, खाण्यातूनच यायला हवं. आपल्या सुंगटांच्या (कोळंबीच्या) सालीत जे असतं, अ‍ॅस्टाझँथिन, तेच, म्हणून तर कडीत टाकल्यावर सुंगट लाल होतं. ते असलेलं खाणं द्या, मीठ न लावलेल्या सुंगटाचा बारीक तुकडा सालीसकट आठवड्यातून एकदा दोनदा दिलात तरी चालेल, उरलेला लगेच काढायचा. दुकानात काही वेळा मासा रंगवूनच विकलेला असतो, तसं असेल तर तो रंग गेला तो गेला. तोपर्यंत बघायला बरं वाटावं म्हणून दोन वॉर्म व्हाईट वाढवा, नुसता लाल नको, मागचं सगळं रक्तासारखं दिसतं.

प्रश्न : समुद्राच्या पाण्याची टाकी करतोय. त्याला म्हणे निळा लाईट लागतो, मग पांढरे अजिबात नकोत का? आणि ग्रांद बेटाजवळ डायव्हिंगला जातो, तिथून छोटंसं कोरल आणलं तर जगेल का? (वास्कोहून)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. आणायचं नाही. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत, छोटंसं असो की मोठं. बघून यायचं.

आता निळ्याचं. पाणी लाल प्रकाश आधी पितं. ६६० नॅनोमीटरचा लाल ५ मीटर स्वच्छ पाण्यातून खाली गेला तर आठवा हिस्सा उरतो, १० मीटरला दोन टक्केसुद्धा नाही, निळा मात्र खोलवर पोचतो. खोलवरची प्रवाळं या निळ्यावरच वाढलेली, त्यांच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांना निळा पचतो, आणि त्यांच्यातली काही प्रथिनं निळा घेऊन हिरवा नारिंगी परत फेकतात म्हणून ती निळ्या लाईटखाली चमकतात. समुद्री टाकीवर सगळे निळे लाईट लावतात त्याचं मूळ हे. उलट तुमची घरातली टाकी ४० सेंटीमीटर खोल, तेवढ्या पाण्यात लाल वाया जातो तो जेमतेम १५ टक्के, म्हणून गोड्या पाण्याच्या टाकीवाल्यांनी खोलीची काळजी करू नये.

तुम्ही नुसते मासे ठेवणार असाल, क्लाउनफिश वगैरे, तर त्यांना निळ्याची काही गरज नाही, तो आपल्या बघण्यासाठी. १० पांढरे आणि ५ निळे, ४५० चे रॉयल ब्लू, दोन वेगळ्या ड्रायव्हरवर. दिवसा दोन्ही, संध्याकाळी तासभर फक्त निळे, समुद्रासारखं दिसतं. लाल एक पण नको. आणि मिठाच्या टाकीवर झाकणाला अ‍ॅक्रिलिकची काच लावाच, उडालेलं खारं पाणी एलईडीवर सुकलं की वर काणकोणला सांगितलेलं सगळं महिन्याभरात.

प्रश्न : यूव्ही (अतिनील) एलईडी टाकला तर पाण्यातले जंतू मरतात का? जांभळा मिळतो तो. (मडगावहून)

नाही. जंतू मारतो तो यूव्ही सी, २५४ नॅनोमीटरच्या आसपासचा, आणि तो बंद नळीतच वापरतात कारण उघडा ठेवला तर तुमचे आणि माशांचे दोघांचे डोळे जातील. बाजारातला जांभळा ३९५ ते ४०० चा, तो नोटा तपासायला ठीक. टाकीवर लावू नका.

प्रश्न : आमच्या यजमानांनी टाकीवर निळा लाईट लावलाय, मून लाईट म्हणतात, रात्रभर चालू असतो. मासे झोपतात का मग? आणि मोठा लाईट टायमरवर आहे तो हल्ली रात्री अकरापर्यंत चालू राहतो, हॉलमध्ये झोपणाऱ्या सासूबाईंना त्रास होतो. (फोंड्याहून)

वहिनी, माशांना पापण्या नसतात, पण झोप असते, अंधार झाला की ते तळाशी नाहीतर पानाआड गप्प होतात. रात्रभर निळा ठेवला तर मासे अर्धवट जागे आणि शेवाळ खूश. चांदण्याची हौस असेल तर मोठा लाईट गेल्यावर अर्धा तास, आणि एकच एलईडी, पूर्ण टाकी निळी दिसायला लागली म्हणजे ते चांदणं नव्हे. अर्धा तास ठेवण्यात एक फायदा खरा आहे, झपकन काळोख झाला की मासे बिचकतात, काचेवर आपटतात, मधला मंद लाईट असला की ते टळतं.

टायमरचं कोडं सोपं आहे. तुमचा गोल चकती फिरणारा टायमर असणार, ज्याला बाजूने दात असतात. ती चकती लाईटवरच फिरते, लाईट गेली की ती पण थांबते. पावसात दिवसाला अर्धा तास लाईट गेली तर आठ दिवसांत टायमर चार तास मागे, संध्याकाळी सातला बंद व्हायचा तो अकराला बंद होणार. आज चकती बरोबर वेळेवर फिरवून ठेवा, आणि यजमानांना आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर आणायला सांगा, त्याचं घड्याळ लाईट गेली तरी चालत राहतं. तोवर रात्री जेवणं झाली की सासूबाईंनाच बटण बंद करू दे.